राज्याभिषेकाची थंड कोंबडी आणि लालबागचा मसाला

हिंदमाता ओलांडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने परळकडे व तेथून पुढे लालबागला गेले असता एप्रिल-मे महिन्यांत वाटसरूला शिंक आल्याखेरीज राहत नाही. लालबागच्या मिरची गल्लीत याच दिवसांत वर्षाचा मसाला होत असतो. बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, मिरी, लवंग, दालचिनी, बडीशेप, शहाजिरे, खसखस, दगडफूल, बाद्यान, नागकेशर, तमालपत्र, जायफळ, हळकुंडे असे जिन्नस निवडायचे, उन्हात वाळवायचे, निरनिराळे भाजायचे आणि डंकावर कुटून आणायचे, हा क्रम ठरलेला आहे. घाई असते ती पावसाची. एकदा पाऊस लागला, हिंदमाताच्या सखल भागात पाणी साचू लागले आणि हवेत ओल आली, की कांडलेला मसाला बरणीत बंद झालेलाच बरा.

या गल्लीचा संबंध इंग्लंडच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीशी जोडणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. तथापि इंग्रजी खाद्यवाङ्मयात ‘कॉरोनेशन चिकन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या थंड पक्वान्नाचे वर्णन ‘भारतीय करीचे इंग्रजी रूप’ असे सर्रास केले जाते. हे वर्णन कितपत खरे, याची तपासणी शब्दाच्या आणि जिनसांच्या अशा दोन्ही अंगांनी करता येते. आणि तशी ती केली असता मुंबईस वगळून भागत नाही, असे दिसून येते.

मूळ प्रसंग असा. २ जून १९५३ रोजी लंडन येथे दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला. त्यानिमित्त आलेल्या परदेशी पाहुण्यांस वेस्टमिन्स्टर स्कूलच्या दिवाणखान्यात दुपारचे भोजन देण्यात आले. पाहुणे सुमारे ३५० होते. व्यवस्था लंडनच्या ‘कॉर्दों ब्ल्यू’ पाकशाळेकडे होती व तेथील विद्यार्थिनींनी रांधण्यावाढण्याचे काम केले. त्या जागेचे स्वयंपाकघर अपुरे होते. सूप आणि कॉफी यांपलीकडे काही गरम वाढणे शक्य नव्हते. कोंबडी थंड का, या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. पुढे या थंडपणामागे जून महिन्याचा उन्हाळा, नाजूक अभिरुची वगैरे कारणे लावण्यात आली. ती मागाहून सुचलेली दिसतात.

पदार्थाच्या कर्तृत्वाविषयीही असाच गोंधळ आहे. लोकांच्या तोंडी कॉन्स्टन्स स्प्राय यांचे नाव आहे. त्या पुष्परचनेबद्दल ख्यातनाम होत्या आणि राज्याभिषेकाच्या सजावटीतही त्यांचा हात होता. पाककृती सिद्ध केली ती त्यांच्या सहकारी रोझमेरी ह्यूम यांनी. ह्यूम यांचे शिक्षण पॅरिस येथे आंरी-पोल पेलाप्रा या फ्रेंच आचार्याच्या हाताखाली झाले होते. हा तपशील चरित्रात्मक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पुढील विवेचनात त्याचे काम पडणार आहे. १९५६ साली स्प्राय आणि ह्यूम या दोघींच्या नावे जो जाडजूड पाकग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात ही कृती छापली गेली. ग्रंथाच्या नावात मात्र एकट्या स्प्रायच आल्या आणि पदार्थ त्यांच्या खात्यावर जमा झाला.

कृती थोडक्यात अशी. दोन कोवळ्या कोंबड्या गाजर, सुगंधी पाला, मिरी व मीठ घातलेल्या पाण्यात किंचित मद्य टाकून मंद शिजवायच्या आणि त्याच पाण्यात निवू द्यायच्या. मग हाडे काढून टाकायची. निराळ्या पातेल्यात थोड्या तेलावर बारीक चिरलेला दोन औंस कांदा परतायचा, त्यावर एक मध्यम चमचा करी पावडर घालून मिनिट-दोन मिनिटे पुन्हा परतायचे. नंतर टोमॅटोचा आटवलेला गर, तांबडे मद्य, पाणी, तमालपत्राच्या जातीचे एक पान, लिंबाच्या चकत्या, मीठ व साखर घालून पाच-दहा मिनिटे उकळायचे, गाळायचे आणि थंड करायचे. हा गाळलेला अर्क थोडाथोडा करून पाऊण पाइंट मेयोनेजमध्ये मिसळायचा. त्यात जर्दाळूचा गर आणि फेटलेली साय घालायची व हे सारण कोंबडीवर पसरायचे. सोबत वाटाणे, काकडी व हिरवा पाला मिसळलेला थंड भात. बेदाणे, बदामाचे काप, आंब्याची गोड चटणी, भडक पिवळा रंग ही सर्व पुढच्या काळातील भर होय. आज इंग्लंडात पावाच्या दोन कापांमध्ये भरून जो पदार्थ विकला जातो, त्यावरून मूळ चवीचा अंदाज करणे अवघड आहे. (जाता जाता नोंदवावयास हवे की, १९५३ साली मुंबई राज्यात दारूबंदी होती. ही कृती दादरच्या एखाद्या गृहिणीने जशीच्या तशी करावयाची म्हटली असती, तर सरकारी परवान्यावाचून तिचे पातेले चुलीवर चढले नसते.)

सहा ते आठ माणसांच्या पदार्थात करी पावडर एक चमचा. एवढ्या अल्प प्रमाणाचे कारण स्प्राय यांनी स्वतःच दिले आहे. नानादेशीच्या, ज्यांची आवडनिवड ठाऊक नाही अशा पाहुण्यांपुढे खरीखुरी करी ठेवण्याचे धाडस कोणी करीत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आणि बहुतेक पाहुण्यांस हा जिन्नस ओळखूही आला नसावा, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. भोजनपत्रिकेवर पदार्थाचे नाव फ्रेंच भाषेत, राणीच्या नावाने छापले होते. त्यात ‘करी’ हा शब्द नव्हता. मग ‘भारतीय करी’ हे नाते आले कोठून? ते शब्दातून आले. आणि शब्दाचा माग काढू लागले की पहिला टप्पा मुंबईतच लागतो.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. पुढे १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्यास खंडाने मिळाले. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या, हिंदुस्थानच्या वनस्पती व औषधींवरील त्याच्या संवादरूप ग्रंथात नारळाचे एक प्रकरण आहे. खोबरे कुटून त्याचे दूध काढतात व कोंबडीचे आणि मांसाचे पदार्थ करतात, त्यांस ‘कारिल’ म्हणतात, असा उल्लेख त्यात येतो. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या कोशात या शब्दाच्या जुन्या दाखल्यांत तो नोंदवला आहे. युरोपीय लेखनातील हा अगदी आरंभीच्या दाखल्यांपैकी एक. तो लिहिणारा मुंबईचा खंडकरी, पदार्थ कोंबडीचा, आणि त्याचा प्राण नारळाचे दूध. तिखट पुडीचा येथे मागमूस नाही.

शब्दाचे मूळ द्राविडी आहे. तमिळमध्ये ‘कऱि’ म्हणजे तोंडी लावणे, मांस किंवा भाजी; त्याच शब्दाने मिऱ्याचाही बोध होतो. पोर्तुगीज रूपातील अंत्य ‘ल’ कोठून आला, याविषयी यूल-बर्नेल यांनी कन्नड रूपाकडे बोट दाखवले आहे. दुसरीही एक उपपत्ती संभवते. पोर्तुगीजमध्ये ‘-इल’ने संपणाऱ्या नामांचे अनेकवचन ‘-इश’ असे होते. तेव्हा ‘कारीश’ हे अनेकवचन आधी रूढ होऊन त्यावरून ‘कारिल’ हे एकवचन मागाहून घडवले गेले असणे अशक्य नाही. भाषेत असे उलटे व्यवहार पुष्कळ होतात.

मराठी वाचकाच्या मनात येथे ‘कढी’ उभी राहते, आणि ‘करी’ म्हणजे इंग्रजांनी बिघडवलेली ‘कढी’ होय असे अनेक शिक्षित लोकही समजतात. ही व्युत्पत्ती टिकणारी नाही. ‘कढी’ हा ‘कढणे’ या धातूशी संबद्ध असून त्याचे मूळ संस्कृत ‘क्वथ्’, प्राकृत ‘कढ’ असे आहे. टर्नर यांच्या भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशात (१९६६) ही परंपरा स्पष्ट मांडलेली आहे. एक शब्द उकळण्यापासून निघाला, दुसरा तोंडी लावण्यापासून. गोव्यात मात्र दोघांची गाठ पडली, कारण कोकणीत नारळाच्या रसातील कालवणास ‘कडी’ म्हणतात आणि पोर्तुगीज बोलणारा त्याच वाडग्यास ‘कारिल’ म्हणत असे. ‘कढीपत्ता’ या मराठी शब्दाचीही अशीच गंमत आहे. मराठीने त्या पानाला कढीचे नाव दिले, इंग्रजीने करीचे, आणि इंग्लंडात विकल्या जाणाऱ्या करीच्या पुडीत ते पान बहुधा नसतेच.

इंग्लंडात ही करी कशी रुजली, हे हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाकग्रंथावरून कळते. त्यातील कृतीत कोंबडी अथवा ससा, कांदे, तीस मिरे, थोडे तांदूळ आणि लोण्याचा गोळा एवढेच आहे. धणे स्वच्छ फावड्यावर भाजून कुटावयास सांगितले आहेत. तवा हाताशी नसलेल्या स्वयंपाकघरात धण्यांसाठी कोळशाचे फावडे पुढे यावे, यात एक प्रामाणिकपणा आहे. भाजल्याशिवाय धणे बोलत नाहीत, हे या बाईला कोणीतरी नीट सांगितले होते. पुढच्या आवृत्त्यांत कृती बदलली. धणे गेले, हळद, आले व मिरपूड आली, आणि शेवटी साय व दोन लिंबांचा रस घालावयाचा, असे कलम जोडले गेले. हे कलम महत्त्वाचे आहे. नारळ नाही म्हणून साय, कोकम किंवा चिंच नाही म्हणून लिंबू: म्हणजे जिन्नस बदलला, त्याची जागा बदलली नाही. ओर्ताच्या ‘कारिल’शी असलेला धागा येथवर शाबूत आहे.

तो तुटला पुडीने. १७८४ साली लंडनच्या एका सुगंधी द्रव्यांच्या दुकानाने करीच्या तयार पुडीची जाहिरात वृत्तपत्रात दिली. अत्तराच्या दुकानात मसाला मिळू लागला, याचा अर्थ तो अन्नापेक्षा सुवास म्हणून ओळखला जाऊ लागला होता. गिऱ्हाईक मुख्यतः हिंदुस्थानातून परतलेले. हिंदमाताच्या दक्षिणेस परळला ज्या वास्तूत १८९९ पासून हाफकिन यांची प्रयोगशाळा व पुढे संस्था नांदली, तो वाडा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८८० च्या दशकापर्यंत मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होता. अशा घरांतून दुपारच्या ‘टिफिन’ला करी-भात खाण्याची सवय लागलेला अंमलदार पेन्शन घेऊन मायदेशी जाई. गोव्याचा स्वयंपाकी, पाटा-वरवंटा आणि नारळ मागे राहत. बरोबर नेता येई ती पूड. (‘टिफिन’ या शब्दाने मुंबईत पुढे जेवण सोडून डब्यालाच आपले नाव दिले, हा निराळा विषय.)

येथे नावांची आणखी एक फसगत पाहण्यासारखी आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या बाजारात बराच काळ नावाजलेली ‘सन’ छापाची डबाबंद करी पावडर मेरवानजी पूंजियाजी यांच्या मुंबईच्या पेढीची. डब्यावर मात्र ‘मद्रास करी पावडर’ असे लिहिलेले. मुंबईत मळलेला माल मद्रासच्या नावाने विकावा लागे, कारण परदेशी कानाला ‘मद्रास’ हे करीचे विशेषण होऊन बसले होते. शब्द एकदा व्यापारात शिरला म्हणजे भूगोलाची पर्वा करीत नाही.

आता लालबागकडे परत यावयास हवे. कारण तेथेही पूडच आहे, आणि तीही दूर राहण्याच्या गरजेतूनच वाढली. रत्नागिरी व सिंधुदुर्ग भागांतून गिरण्यांत आलेला कामगार बहुधा एकटा येई. घर गावी, पाटा गावी, नारळाचे झाड गावी. तो जेवे खानावळवालीकडे. स्वतःच्या खोलीत दहा-पंधरा माणसांचे जेवण रांधून महिन्याकाठी पैसे घेणाऱ्या या स्त्रियांनी गिरणगाव पोसला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तोवर त्यांच्या कामाची कोठे गणती नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरणगावाची मिळकत आटली आणि खानावळींचीही घडी मोडली. रोझमेरी ह्यूम यांचे नाव निदान ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दुसरे म्हणून तरी राहिले; कोंबडी-वडे मुंबईला शिकवणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

कामगाराचा डबाही थंडच असे. खात्यात गरम करण्याची सोय नसे. सकाळी भरलेले कालवण दुपारी भाकरीबरोबर गारच खाल्ले जाई. म्हणजे ‘थंड करी’ ही वस्तू वेस्टमिन्स्टरच्या आधीपासून परळ-लालबागच्या गिरण्यांत नित्याची होती. अर्थात रोज कोंबडी नव्हे. ती पगाराच्या किंवा सणाच्या दिवशी, आणि उरली तर दुसऱ्या दिवशीच्या डब्यात. रात्रभर मुरलेला रस्सा अधिक चविष्ट लागतो, हे मालवणी माणसाला सांगावे लागत नाही. यामागे कारण आहे. मसाल्याचा सुवास पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. आणि तेलात उतरलेला सुवास रस्सा निवतानाही मांसात शिरत राहतो. ह्यूम यांनीही पूड तेलावर परतली, कच्ची मेयोनेजमध्ये घातली नाही. पुढच्या अनुकरणकर्त्यांनी ती पायरी गाळली. म्हणून पावात भरलेल्या त्या पिवळ्या सारणाला कच्च्या मेथीचा आणि हळदीचा उग्र दर्प येतो.

येथवरच्या पुराव्यावरून एक आकर्षक उपपत्ती मांडता येईल. मालवणी कोंबडीतील नारळ, कोकम, कांदा, मसाला आणि राज्याभिषेकाच्या कोंबडीतील साय, लिंबू, कांदा, पूड यांची जोडी लावता येते. जर्दाळूही आड येत नाही; हिंदमातापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या दादर पारशी कॉलनीत ‘जर्दाळूमां मर्घी’ हा पदार्थ घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा प्रत्येक जागा तीच, तीमधील जिन्नस तेवढा बदललेला, असे म्हणण्याचा मोह होतो. वाक्यातील पदे पालटली, अन्वय कायम राहिला.

हा मोह आवरला पाहिजे. पारशी मर्घी आणि ह्यूम यांचा जर्दाळू यांत नाते असल्याचा पुरावा नाही. आंबटगोड फळ आणि मांस यांची सांगड इराणी आणि युरोपीय अशा दोन्ही पाकपरंपरांत स्वतंत्रपणे आहे. त्याहून मोठा आक्षेप अन्वयाचाच आहे. मालवणी कृतीत कोंबडी मसाल्यात शिजते. आधी कांदा-खोबरे भाजून त्याचे वाटण, मग फोडणी, मग मांस, मग मसाला, शेवटी वाटण. आणि जे घातले ते सारे ताटात येते. चोथा टाकून देण्याची कल्पनाच त्या स्वयंपाकघरात नाही. रस्सा दाट होतो तो त्या वाटणानेच. ह्यूम यांच्या कृतीत कोंबडी पुडीला शिजताना भेटतच नाही. ती निराळी उकडली जाते, मसाल्याचा अर्क निराळा काढून गाळला जातो, कांदा फेकला जातो आणि दोहोंची भेट थंड झाल्यावर मेयोनेजच्या मध्यस्थीने होते. उकडलेले मांस निववून त्यावर अंड्याचे किंवा सायीचे थंड सारण चढवणे ही फ्रेंच पाकशाळेची रीत होय, आणि ह्यूम त्याच शाळेत शिकल्या होत्या. ग्लास यांच्या उत्तरकालीन कृतीत साय ही नारळाच्या जागी होती असे म्हणता येते. १९५३ मध्ये ती नारळाच्या नव्हे, फ्रेंच सायीच्याच जागी आहे.

तेव्हा या पदार्थाचा अन्वय फ्रेंच आहे आणि त्यात एक शब्द उसना आहे. उसना शब्द परक्या वाक्यात जसा वागतो, तशीच ती चमचाभर पूड वागते: विभक्ती यजमान भाषेच्या लागतात, मूळचे अर्थ गळतात, राहतो तो एक दूरचा सूर. ‘भारतीय करीचे इंग्रजी रूप’ हे वर्णन म्हणूनच चुकीचे ठरते. तो एक फ्रेंच वळणाचा इंग्रजी पदार्थ होय. त्याला हिंदुस्थानचे नाते चिकटले ते पुडीच्या नावामुळे. यात त्या पदार्थाची निंदा नाही. अपुऱ्या स्वयंपाकघरात साडेतीनशे पानांची सोय करताना साधलेली ती उत्तम युक्ती होती.

मुंबईत नेमके उलटे घडले आहे. गिरगाव-दादरच्या जुन्या खानावळींत ज्याला रस्सा, कालवण, सुके, सांबारे, सागोती असे वेगवेगळे म्हणत, त्या साऱ्यावर उपाहारगृहांच्या फलकांनी ‘करी’ हे एकच नाव चढवले. येथे अन्वय आपला आणि शब्द उसना. रस्सा पातळ आणि मांसाचा, सुके अंगाबरोबर, सागोती म्हणजे मांस व त्याचे कालवण दोन्ही. यांतला प्रत्येक शब्द कृतीची एकेक खूण सांगत होता. ‘करी’ ती सांगत नाही. दाट की पातळ, नारळाची की कांद्याची, हे गिऱ्हाइकाला आता विचारून घ्यावे लागते.

मिरची गल्लीत कांडपाला आलेली बाई अजूनही मालवणी, आगरी, कोल्हापुरी किंवा गोडा अशा नावांनी मसाला मागते. घरी नेताना मात्र तिच्या पिशवीत कंपनीचे एखादे पाकीटही असते. त्यावर ‘चिकन करी मसाला’ असे छापलेले असते. पहिला शब्द इंग्रजी. दुसरा तमिळमधून पोर्तुगीज-इंग्रजीच्या वाटेने चारशे वर्षांनी परतलेला. आणि ज्याला सर्वांत घरचा म्हणावे तो तिसरा, अरबी ‘मसालिह’पासून फारसीमार्फत आलेला.